जाड आवाजाला दिशा नसते

कुवारबावच्या रस्त्याला, टायरवाल्याच्या शेजारी, पत्र्याची एक लांबट शेड आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, इथे गाड्या मोडतात. कधीही जा, एखाद्या गाडीच्या दारांची आतली अस्तरं काढून भिंतीला टेकवलेली, सीटा उन्हात काढलेल्या, नि डिकीत कमरेपर्यंत शिरलेला एक माणूस. त्याचे फक्त पाय बाहेर दिसतात. हे पाय रूपेश भाटकरचे. रत्नागिरीत गाडीला चांगला आवाज बसवायचा म्हटलं की आधी या पायांशी बोलावं लागतं.

‘आवाज बसवणं’ हा त्याचाच शब्द. स्पीकर काय, कोणीही चार स्क्रू पिळून बसवतो, आवाज बसवावा लागतो, असं तो म्हणायचा. लाल तार लालला, काळी काळीला, एवढं शिकायला एक दुपार पुरते. पण दोन स्पीकरांपैकी एकाची तार उलटी लागली, तर दोघेही वाजतात आणि एकमेकांचा दम खातात. सख्ख्या भावांच्या भांडणासारखं. गाणं ऐकू येतं, त्यातला जोर गायब. असल्या गाड्या दुसरीकडे बिघडून त्याच्याकडे यायच्या आणि तो तारांना हात लावण्याआधीच, नुसता सीटवर बसून, कुठल्या दारात घोळ आहे ते सांगायचा. त्याबाबतीत त्याला थोडा ताठा होता, आणि तो खपूनही जायचा.

गिऱ्हाईक मात्र वूफरवरून अडून बसायचं. एवढा मोठा डबा घ्यायचा तर तो मागच्या काचेत सगळ्यांना दिसला पाहिजे ना! रूपेश मग त्याला गाडीत बसवून डोळे मिटायला लावायचा, वूफर घुमवायचा आणि विचारायचा, ‘‘सांगा, कुठनं येतोय आवाज?’’ गिऱ्हाईक ठामपणे पुढे बोट करायचं. डबा पाठीमागे असायचा. रूपेश खूष. ‘‘जाड आवाजाला दिशा नसते, साहेब. सीटखाली ठेवा नायतर डिकीत ठेवा, कानाला पत्ता लागत नाय. बारीक आवाजाला दिशा असते. म्हणून बारीक स्पीकर कानासमोर, नि वूफर जिथं कोरडी, बंद जागा मिळेल तिथं.’’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेजारचा टायरवालाही झोपेत म्हणून दाखवील.

हा माणूस खरं तर समुद्रावर जायचा. मांडवीच्या दाजी भाटकरांचा एकुलता एक मुलगा. सगळी मांडवी त्यांना दाजी म्हणते, म्हणून रूपेशही बापाला दाजीच म्हणतो. त्यांची एक छोटी होडी, सोबतीला लहानपणापासूनचा मित्र विठू, आणि सुकाणूजवळच्या फळीवर पितळेच्या डबीतला होका. होका म्हणजे होकायंत्र, दाजींच्याही वडिलांच्या वेळचं. मोठ्या बोटींवर आता पडदे आले, त्यांवर बंदर, खडक, आपली बोट, सगळं दिसतं. दाजी म्हणायचे, ‘‘पडद्याला चार्जिंग लागता. होक्याला काय लागता? उत्तर लागता. ती काय खय पळून जात नाय.’’

रूपेशला त्यांनी लहानपणी होडीत घेऊन बघितलं. खाडीचं तोंड ओलांडलं की पोराच्या पोटात ढवळायचं आणि तो काठावर वाकायचा. किनाऱ्यावर लोक विचारायचे, ‘‘दाजी, पोरान आज किती माशांना जेवू घातलान?’’ दाजी हसायचे, पण ते हसणं घरी यायचं नाही. शेवटी रूपेश वायरींत रमला, कुवारबावला गेला, त्याला नाव मिळालं. बापाने कधी वाईट शब्द काढला नाही. पण शेडमध्येही कधी पाऊल टाकलं नाही. होडी नि शेड यांच्यात काही बोलण्यासारखं नव्हतंच.

या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. तरुणपणी दाजी वाडीच्या नमनात, शिमग्याच्या खेळ्यांत, मृदंग वाजवायचे. त्या मंडळाची जुनी रेकॉर्डिंग कोणीतरी मेमरी कार्डात भरून विठूला दिली. विठू ती होडीत छोट्या स्पीकरवर लावायचा. एका संध्याकाळी जेवताना दाजी म्हणाले, ‘‘गाणी ऐकाय येतात. माझा मृदंग तेवढा इंजिनाच्या ढबढबीत बुडतो.’’

बस्स. रूपेशच्या हातातला घास तिथेच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा दाजींनी अशी तक्रार केली होती, जिच्यावरचं औषध त्याच्याकडे होतं.

कोणाच्या तरी गाडीतून काढलेला एक बरा वूफर त्याच्याकडे पडून होता. त्याने त्याला नवी प्लायवूडची पेटी केली, खाऱ्या हवेला टिकेल असा लेप दिला, वरून काळं जाजम चिकटवलं. गिऱ्हाइकाच्या कामात केली नसती एवढी निगुती केली. रविवारी दुपारी तो होडीत उतरला. होडी खाडीत बांधलेली होती, तरी त्याच्या पोटात जरा हललंच. कोरडी, बंद जागा होडीत एकच होती. सुकाणूजवळच्या फळीखालचा कप्पा, जिथे जेवणाचा डबा नि काड्यापेटी ठेवत. फळीवर होका. वूफरला दिशा नसते, कुठेही चालतो. रूपेशने पेटी कप्प्यात सरकवली. अशी बसली की बोट शिरायला फट नाही. दोन बारीक स्पीकर पुढे, दाजींच्या कानासमोर.

दाजी काठावर बसून सगळं बघत होते. त्यांनी पेटीच्या जाजमावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘लोखांड नाय ना रे ह्याच्यात?’’

‘‘नाय हो दाजी. लाकूड, नि आत कागदाची वाटी. गंजायचं काय नाय.’’

होडीत जे जे लोखंडी असतं ते ते एका पावसात सडतं, हे रूपेश जन्मापासून बघत आला होता. बाप गंजाचंच विचारतोय, यात त्याला शंकाही आली नाही. दाजींनी मान डोलावली. मग रूपेशने इंजिन चालू करायला लावलं आणि गाणं सोडलं. मृदंगाची थाप कप्प्यातून उठली, फळीतून दाजींच्या पायांत शिरली. म्हाताऱ्याची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली. विठू ओरडला, ‘‘दाजी, हा तूच रे!’’ रूपेशने तोंड फिरवून उगाच एक तार ओढून बघितली. त्याचे डोळे भरले होते, नि ते बापाला दाखवायची त्या घरात रीत नव्हती.

दाजी नि विठू मंगळवारी पहाटेच्या अंधारात निघाले. माघाचे दिवस. उजाडायच्या सुमारास समुद्रावरून धुकं चढलं आणि पार कुवारबावपर्यंत आलं.

त्या धुक्यातच गुरुप्रसाद लिमये शेडवर आले. पावसच्या बाजूला त्यांचं घर नि आंब्याची कलमं. गडी बोलका. आल्या आल्या त्यांनी धुक्याला शिव्या दिल्या, मोहोर काळा पडणार म्हणून. मग स्वतःच्या गाडीकडे बोट केलं. गेल्याच आठवड्यात रूपेशने तिला आवाज बसवला होता, पुढे डॅशबोर्डात दोन चांगले दणदणीत स्पीकर, डिकीत वूफर.

‘‘रूपेशभाऊ, आवाज झकास. पण माझं घर उत्तरेला नेलंत तुम्ही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘हे बघा की.’’ डॅशबोर्डवर गणपतीच्या बाजूला काचेचा एक गोळा चिकटवलेला होता, आत पाण्यात दिशा दाखवणारी चकती तरंगती. कुठल्याशा प्रदर्शनातली हौस. ‘‘गाडी वळवा नाहीतर गोल फिरवा, ही बया आपली स्पीकरकडे तोंड करून बसलेय. नव्या नवरीसारखी!’’

रूपेश हसला. ‘‘लोहचुंबक असतो ना भाऊ स्पीकरला, मागे केवढा तरी मोठा. त्याच्यापुढं त्या चकतीचं काय—’’



त्याच्या डोळ्यांपुढे होका आला. होक्याखाली फळी. फळीखाली पेटी. पेटीत, कागदाच्या वाटीच्या मागे, मुठीत न मावणारा लोहचुंबक, जो तो रोज हाताळत होता, ज्याला त्याचे स्क्रू नि पिना चिकटायच्या, आणि जो त्याला रविवारी आठवलाच नाही. मग आठवली एक थोबाडीत. तो सातआठ वर्षांचा असताना त्याने होडीत कोयता फळीवर ठेवला होता आणि दाजींनी काडकन वाजवली होती. ‘होक्याजवळ लोखांड ठेवायचा नाय!’ दाजींनी आयुष्यात मारलेली ती एकच.

लोखांड नाय ना रे ह्याच्यात? बाप गंजाचं विचारत नव्हता.

दाजींकडे बटणांचा फोन होता. त्याच्यावर एक बाई गोड आवाजात सांगत राहिली की ते संपर्कक्षेत्राबाहेर आहेत. विठूच्या फोनवरही तीच बाई. रूपेशचा चेहरा बघून गुरुप्रसादांनी जास्त विचारलं नाही. गाडी चालू केली आणि म्हणाले, ‘‘बसा. कुठे जायचं?’’

मांडवीला आले तर समुद्र नव्हताच. जेट्टीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. पांढरं, ओलं, मुकं काहीतरी वाळूला टेकून उभं होतं. मोठ्या बोटीवरच्या एका ओळखीच्या माणसाला रूपेशने फोन केला, त्याने वायरलेसवर सगळ्यांना कळवलं. पण धुक्यात होडी शोधायची कोणी नि कुठे? किनाऱ्यावरचे जाळी विणणारे म्हणाले, ‘‘दाजीला काय होताय? तो झोपेत घराक येल.’’ रूपेशला त्यांना सांगताही येईना. ते म्हणत होते ते अगदी खरं होतं. दाजी झोपेतही घरी आले असते. जागे होते म्हणून तर ते होक्याकडे बघणार होते.

मग त्याने जे केलं त्याला वेडेपणाच म्हणायला हवं. गुरुप्रसादांची गाडी त्याने वाळूच्या कडेपर्यंत नेली, समुद्राकडे तोंड केलं, चारी दारं उघडली, डिकी उघडली आणि आवाज सोडला. जेवढा होता तेवढा. त्याने स्वतः बसवलेला, स्वतः जमवलेला. वूफरच्या धक्क्याने दारं थरथरायला लागली. माणसं जमली. कोणी विचारलं, ‘‘लगीन कोणाचा?’’

आणि त्या धडधडीत उभा असताना त्याला कळलं, की हा आवाज लांब गेला तरी उपयोग नाही. धुक्यात बसलेल्या माणसाला फार तर कळेल, कुठेतरी काहीतरी घुमतंय. कुठे, ते कळणार नाही. जाड आवाजाला दिशा नसते. त्याने घाईघाईने वूफर बंद केला आणि बारीक स्पीकर पूर्ण वर नेले. त्यांना दिशा होती. पण ते बिचारे जेट्टीपर्यंतही पोचत नव्हते, वारा त्यांना तिथल्या तिथे पुसून टाकत होता. लांब जाणाऱ्याला दिशा नाही, दिशावाल्याला लांब जाता येत नाही. त्याने हॉर्न दाबून धरला, तो तापून गप्प झाला. आयुष्यभर शिकलेल्या सगळ्या विद्येची त्या वाळूत अशी माती झाली.

आवाज ऐकून आई आली. बकुळा घरातून तशीच, ओल्या हातांनी. ‘‘काय झाला रे? ह्या काय चालवलंस?’’

त्याने सांगितलं. अर्धवट, तुटक. पण ती होडीवाल्याची बायको होती, तिला तेवढं पुरलं.

‘‘त्यांनी विचारला नाय तुला?’’

‘‘विचारलं.’’

‘‘मंग?’’

बकुळा वाळूत बसली. तिने त्याला बोल लावला नाही, रडलीही नाही. धुक्याकडे बघत बसली. रूपेश तिच्या शेजारी उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. हातांना करायला काहीच नव्हतं. एक तार नाही, एक स्क्रू नाही. देवाला काय कबूल करावं हेसुद्धा त्याला सुचेना.

उन्हं वर आली तेव्हा धुकं हळूहळू विरलं. आधी जेट्टी दिसली, मग भगवती किल्ल्यावरचं दीपगृह, मग समुद्र. सगळा लख्ख, निळा आणि रिकामा.

त्यानंतर बऱ्याच वेळाने फोन वाजला. विठू होता. ‘‘रूपेश, पूर्णगडाला लागलो रे आम्ही. खडकाला घासली होडी, पानी घेत्येय. दोघं बरे आहोत. तू ये.’’

पूर्णगड म्हणजे घरापासून कितीतरी दक्षिणेला. बकुळाने पदर डोळ्यांना लावला तो तेव्हा. रूपेश भाट्याच्या पुलावरून, पावसवरून, गुरुप्रसादांच्या शेजारी बसून गेला.  

पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी होडी वाळूवर ओढलेली होती. एक फळी फुटली होती. विठू डबड्याने पाणी उपसत होता आणि दाजी बाजूला बसले होते, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला होका. रूपेशला बघून त्यांनी मान खाली घातली. बापाला असं त्याने कधी बघितलं नव्हतं.

‘‘माझा डोका गेला रे आता,’’ दाजी म्हणाले. ‘‘घराकडं येत होतो. होका बघून, सरळ. विठू सांगत होता, दाजी, लाट उजव्या अंगाला लागत्येय, पाठून लागाय हवी. मी त्याला गप केला. खडकाचा आवाज आला म्हणून वाचलो. वय झाला. विठूला खड्ड्यात घालीत होतो मी. होडी विकून टाकू.’’

एक क्षण असा होता की रूपेश गप्प बसू शकला असता. कोणाला कळणार होतं? पेटी गुपचूप काढली की झालं. गुरुप्रसाद मुद्दाम लांब जाऊन समुद्र बघत होते. पण बाप उरलेलं आयुष्य स्वतःच्या डोक्याला दोष देत ओट्यावर बसणार, हे त्याला सोसेना.

‘‘दाजी, तुमचं नाय चुकलं. माझ्या पेटीत लोहचुंबक आहे. त्याने होका फिरला.’’

दाजींनी वर बघितलं आणि चक्क हसले. ‘‘जा रे. म्हाताऱ्याची लाज राखाय बोलतंस. गाण्याच्या पेटीनं होका फिरतो होय!’’

‘‘शपथ दाजी.’’

‘‘शपथ नको घेऊ. तू चांगला पोर आहेस.’’

मग रूपेशने त्यांच्या मांडीवरून होका उचलला. वाळूवर लांब ठेवला. काटा थरथरला आणि उत्तरेला थांबला, जिथे रत्नागिरी होती. तो होका त्याने होडीत नेऊन फळीवर ठेवला. काटा वळला आणि खालच्या पेटीकडे कलून गप्प झाला. दाजी उठून आले. त्यांनी स्वतः होका उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. विठूने पाणी उपसणं थांबवलं.

‘‘मी तुला विचारला होता,’’ दाजी हळू म्हणाले.

‘‘होय. मला वाटलं, गंजाचं विचारताय.’’

‘‘होका वाकडा आहे ह्या मला खाडीतच दिसला होता, बॅटरीच्या उजेडात. लाटेनंपन सांगितलान. विठूनं सांगितलान.’’ ते रागावले नव्हते. रागावले असते तर रूपेशला बरं वाटलं असतं. ‘‘पन तू म्हनाला होतास, लोखांड नाय. मी म्हटला, होका खोटा बोलायचा नाय. पोर खोटा बोलायचा नाय. मंग उरला कोन? मीच उरलो.’’

रूपेशने त्यांचे पाय धरले. दाजींनी त्याला उठवलं, त्याच्या कपाळावरची वाळू पुसली, पाठीवर हात ठेवला. माफी मागायच्या आधीच मिळाली होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता.

पेटी त्याच दिवशी निघाली. फळी बदलली, होडी विकली नाही. रूपेशने चार वेळा विनवलं तेव्हा दाजींनी एक पडदाही घेतला. तो घरात, देव्हाऱ्याच्या खालच्या फडताळात आहे. शेडमध्ये कामं चालू आहेत. फक्त गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावायचा खेळ रूपेशने सोडला. वूफर कुठे ठेवू म्हणून कोणी विचारलं, तर तो आधी गाडीत काय काय आहे ते बघून घेतो.

होका परत फळीवर आहे आणि चोख उत्तर दाखवतो. कधी सुट्टी असली की रूपेश पहाटे होडी लोटायला जातो. दाजी आता दीपगृह दिसेल एवढंच लांब जातात. सुकाणू त्यांच्याच हातात असतं. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट होडीला लागते, तेव्हा पाण्यावरून त्यांचा आवाज किनाऱ्यापर्यंत येतो. आयुष्यभर विठूला गप्प बसवणारा तो माणूस विठूला विचारत असतो, ‘‘विठू, वायच सांग रे, लाट कुठनं लागली?’’